घड्याळाच्या रजेचा अर्ज

मी कथांचं संपादन करते. विनोदी म्हणून आलेल्या कथांमध्ये एक गोष्ट हमखास सापडते: पात्रं हसून हसून बेजार असतात आणि वाचक कोरडा. त्या दिवशी टेबलावर असलेल्या कथेचीही तीच गत होती. पण तिच्यातली कल्पना मला इतकी आवडली होती की लेखिकेला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी मजकूर घेऊन बसलो.

कल्पना अशी, की एका कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ रजा मागतं.

मूळ परिच्छेदात होतं, ‘आणि काय आश्चर्य! घड्याळ चक्क बोलू लागलं! सगळे पोट धरधरून हसू लागले!’ मी विचारलं, “घड्याळाने खरंच अर्ज दिला, तर तुमचा हेडक्लार्क आधी काय बघेल?”

“अर्ज नियमात बसतो का ते.”

“मग तेवढंच लिहा.”

तिने पेन्सिलीने समासात लिहिलं:

घड्याळाने रजेचा अर्ज दिला. हेडक्लार्कने तो उलटसुलट करून पाहिला.
“यावर तारीख नाही.”
“तारखेचं मला कळत नाही,” घड्याळ म्हणालं. “ते खातं कॅलेंडरकडे आहे.”

मी इतक्या जोरात हसले की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. या ओळींत कुणीही हसत नाही. हेडक्लार्कला घड्याळाच्या बोलण्याचं काही वाटत नाही, त्याची हरकत फक्त तारखेला आहे. शिवाय ‘कॅलेंडर’ वाक्याच्या शेवटाकडे आलंय. ते आधी आलं असतं, तर गंमत वाटेतच सांडली असती.

लेखिकेला मात्र धाकधूक होती. “एवढं साधं लिहिलं तर लोक खळखळून हसतील का?” मी तिला नाट्यशास्त्रातले हास्याचे सहा प्रकार सांगितले. त्यांत भरतमुनी वरचं स्थान देतात ते स्मित आणि हसित यांना: गाल किंचित फुलतात, फार तर दात जरासे दिसतात. अतिहसित अगदी तळाला. खळखळाट हवा असेल तर तो मिळवण्याचे मार्ग निराळे. हलक्याफुलक्या कथेने वाचकाच्या चेहऱ्यावरचं स्मित पानोपानी टिकवलं, तर मला ते फार मोलाचं वाटतं.

दुपारी मजकूर आमच्या मुद्रितशोधकांकडे गेला. ते विनोदी कथाही जमिनीच्या खरेदीखतासारखी वाचतात. पान परत आलं तेव्हा समासात प्रश्न होता: ‘घड्याळ रजेवर गेले, तर कचेरी सुटली कशी?’

लेखिका म्हणाली, “अहो, ही कल्पनाकथा आहे, इथे चालतं.”

नाही चालत. लहरी कथेत लेखकाला सगळं माफ असतं, हा समज मला अजिबात मान्य नाही. घड्याळ बोलतं ही एक अशक्य गोष्ट वाचक विश्वासाने मान्य करतो, पण त्यानंतर प्रत्येक परिणामाचा हिशेब त्याला लागतो. मी म्हटलं, “प्रश्नाचं उत्तर द्याच. कशी सुटली?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सुटलीच नाही. पाच वाजलेच नाहीत ना.”

तिथून कथेने वळणच घेतलं. घड्याळ 3:20 ला थांबलेलं. हेडक्लार्क कुणाला सोडायला तयार नाही. बाहेर अंधार पडतो, तरी टपाल 3:20 च्या शिक्क्याने नोंदवलं जातंय. आणि कोपऱ्यात स्टुलावर शिपाई बसलाय, जो त्याच दिवशी पाच वाजता निवृत्त व्हायचा होता. हा शिपाई पहिल्या खर्ड्यात फक्त चहा आणून देत होता! एका शंकेने त्याला कथेच्या मध्यावर आणून बसवलं.

शेवटावरून आमचं बरंच वाजलं. घड्याळाने हे शिपायासाठीच केलं, असं एक वाक्य तिला घालायचं होतं. वर्षानुवर्षं तोच त्याला किल्ली देत होता, हे पहिल्याच पानावर आलेलं होतं. मी म्हणत होते, एवढं पुरे. तिचं म्हणणं, वाचकाच्या लक्षात आलं नाही तर? शंका रास्त होती, म्हणून आम्ही पुन्हा अर्जावर आलो. त्यात ‘रजेचे कारण’ या रकान्यात तिने ‘थकवा’ लिहिलं होतं. तिने ते खोडलं आणि लिहिलं, ‘खासगी’.

ते वाक्य मग तिने आपणहून मागे घेतलं आणि पानं मुद्रितशोधकांकडे पुन्हा गेली.