खरवड

कोजागिरीच्या दुधात सगळ्यात चांगलं काय लागत असेल तर पातेल्याच्या बुडाची खरवड. केशर, चारोळ्या, बदामाचे काप हे सगळं वाट्यांमध्ये जातं, पाहुण्यांच्या नशिबात. खरवड ज्याच्या हातात उलथनं असेल त्याची. साताऱ्याला आमच्या इमारतीत ते उलथनं तळमजल्यावरच्या काकूंच्या हातात असायचं, आणि त्या खरवड कुणाला द्यायची हे वर्षभराच्या वागणुकीवरून ठरवायच्या.

१९८९ सालची कोजागिरी. मी दहावीला. गच्चीवर सतरंज्या, दुसऱ्या मजल्यावरून चौघांनी उचलून आणलेला रंगीत टीव्ही, आणि वर्गणी काढून एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर. त्याच्यासोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी, घरच्यांसाठी. तिसरी आम्हा पोरांची, मोठी माणसं झोपायला गेल्यावर लावायची. तिच्यावर बॉलपेनने ‘हॉरर इंग्लिश’ एवढंच खरडलेलं. लायब्ररीवाल्याने काउंटरवर ती आमच्याकडे सरकवत सांगितलं होतं, “ड्रॅक्युलावाला हीरो आहे. बिनधास्त घेऊन जा.”

बिनधास्त घेऊन जाण्यासारखी ती कॅसेट नव्हती, हे पहिल्या वीस मिनिटांत कळलं. पण तोवर मसाला दूध डोक्यात गेलं होतं आणि काकू अजून गच्चीवरच होत्या.

त्या कॅसेटला नाव नव्हतं. सुरुवातीच्या पाट्या कुणीतरी कापल्या होत्या, चित्रावर ट्रॅकिंगच्या रेघा नाचत होत्या. लक्षात राहिलं ते इतकंच की ड्रॅक्युलावाला उंच म्हातारा एका धांगडधिंग्याच्या क्लबात, पोरासोरांच्या गर्दीत, कानापर्यंत वळलेला अरुंद काळा गॉगल लावून बसतो. हसत नाही. नाचत तर नाहीच. लग्नात चुकून बँडवाल्यांच्या पंगतीला बसवलेल्या मुख्याध्यापकांसारखा तो समोर बघत राहतो. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी डीव्हीडीच्या एका ढिगाऱ्यात तो गॉगल परत दिसला आणि सिनेमाचं नाव कळलं: ‘हाउलिंग टू’, आणि त्याला शेपूट ‘युअर सिस्टर इज अ वेअरवुल्फ’. तुझी बहीण लांडगी आहे. मराठीत हे वाक्य फक्त नळावरच्या भांडणात शोभेल. सिनेमात ते क्रिस्टोफर ली नावाचा माणूस, बहिणीला नुकतंच पुरून आलेल्या भावाला, अतिशय सभ्यपणे सांगतो.

मूळचा ‘हाउलिंग’ १९८१चा, जो दांते या दिग्दर्शकाचा. तो चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याच वर्षी लंडनमधल्या अमेरिकन लांडग्याचा सिनेमा आला आणि रिक बेकरला त्यातल्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळालं. त्या विभागातलं नियमित दिलं जाणारं पहिलंच. ‘हाउलिंग’चं काम बेकरच्याच हाताखाली तयार झालेल्या रॉब बॉटिनने केलं. पोरगा विशी नुकतीच ओलांडलेला. रबराच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या ठेवायच्या आणि नळीने फुगवायच्या, की गाल, कपाळ, छाती आतून काहीतरी धडपडतंय अशी वरखाली होतात. संगणक कुठेच नाही. सगळा हातपंपाचा मामला. पण बघताना आपल्याच कपाळाला हात लावून बघावासा वाटतो.

माणसाचा लांडगा होणं हा या प्रकारातला खर्चाचा मुख्य आकडा. भुताचं बरं असतं, पांढरी साडी आणि एक कंदील यांत भागतं. ड्रॅक्युलाला दोन सुळे आणि एक काळा झगा पुरे. लांडग्याला मात्र केस हवेत, नाक लांब व्हायला हवं, नखं फुटायला हवीत, आणि हे सगळं प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये जॅक पिअर्सने लॉन चॅनी धाकट्याच्या तोंडावर याकचे केस एकेक झुपका करून चिकटवले होते, आणि तरी माणसाचा लांडगा होताना पडद्यावर दिसतात ते मुख्यतः पाय. जिथे पैसा संपतो तिथे सावली सुरू होते. मग धुकं. मग नुसतं ओरडणं. मग लांडग्याच्या डोळ्यांतून दिसणारं जग, म्हणजे कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवरून झुडपांतून पळवायचा. लांडगा दाखवायची गरजच नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी खोटं बोलण्याविरुद्ध म्हणून ऐकतो. खरं म्हणजे ती स्वस्तातल्या भयपटाची पटकथा आहे. दीड तास आरोळ्या, आणि शेवटी तो खरंच येतो तेव्हा कुणाचाच विश्वास बसत नाही.

‘हाउलिंग टू’मध्ये तो आला, तर माकडाच्या कातड्यात आला. हा सिनेमा १९८५चा, दिग्दर्शक फिलिप मोरा, ऑस्ट्रेलियातला. गोष्ट लॉस एंजेलिसहून ट्रान्सिल्व्हेनियाला जाते, पण चित्रीकरण झालं त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात, प्राग आणि परिसरात. लोखंडी पडद्यापलीकडचं साम्यवादी राज्य, तिथे अमेरिकन पैशाचा लांडग्यांचा सिनेमा. आणि मोरा यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की लांडग्यांचे पोशाख म्हणून खोकी आली ती उघडली तर आत वानरांचे पोशाख, ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या कामातले. आता कोणी काय करावं? परत पाठवावं, तर समुद्रापलीकडून दुसरी खोकी येईपर्यंत पैसे संपणार. त्यांनी ते चढवले. म्हणून काही दृश्यांत जे काळोखातून येतं त्याला लांडगा म्हणायला जीभ रेटत नाही. मी तरी त्या गच्चीवर ‘अरे हा हनुमान कुठून आला’ असं म्हणाल्याचं मला स्वच्छ आठवतं, आणि काकूंनी डोक्यात मारलेली टपलीही.

दुसऱ्या भागाची अडचण मुळातच असते. पहिल्यात जे मरायचं ते मेलेलं, जे कळायचं ते कळलेलं. पहिल्या ‘हाउलिंग’च्या शेवटी बातम्या देणारी कॅरन व्हाइट थेट प्रक्षेपणातच लांडगी होते, आणि तिच्याच सांगण्यावरून तिला गोळी घालतात. ती बिचारी लांडगीसुद्धा इतकी केविलवाणी दिसते की भीतीऐवजी तिला बिस्कीट द्यावंसं वाटतं. आता यापुढे काय? तर तिचा भाऊ काढा. भाऊ पुढे आणला की त्याला एक मैत्रीण द्या, मग राणी हवी, म्हणून स्टिर्बा नावाची लांडग्यांची महाराणी, सिबिल डॅनिंग. आणि सराफकट्ट्यासारखं धातूंचं चढत्या भाजणीचं गणित: पूर्वी चांदीच्या गोळीत काम भागायचं, या वेळी चांदी चालणार नाही, महाराणीला टायटॅनियमच लागतं. तिसरा भाग आणखी निघाला असता तर प्लॅटिनमची घडणावळ लावली असती असं मी म्हणणार होतो, पण तिसरा भाग निघालाच. १९८७ साली, मोरांचाच, ऑस्ट्रेलियात. त्यातल्या लांडग्यांच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी आहे. मी गप्प बसतो.

तरीही दुसऱ्या भागांना सरसकट नावं ठेवणं मला हल्ली जमत नाही, आणि त्याला कारण पौर्णिमा. पौर्णिमेच्या चंद्रावर माणसाचा लांडगा होतो हे आज पोराटोरांना माहीत असतं. मला वाटायचं ही युरोपातल्या खेड्यांतली शेकडो वर्षांची पक्की श्रद्धा असणार. पण १९४१च्या त्या सिनेमात जी चार ओळींची कविता आहे तिच्यात चंद्र फक्त शरदातला आणि लख्ख आहे. पूर्ण नाही. तो पूर्ण झाला १९४३ साली, दुसऱ्या भागात, जिथे लांडगामाणसाची गाठ फ्रँकेन्स्टाइनशी घालून दिली होती. तिथे ती ओळ बदलली आणि चंद्र पुरा भरला. म्हणजे नंतरच्या सगळ्या लांडग्यांनी ज्या चंद्राकडे बघून मान वर केली, तो एका घाईघाईच्या, दोन राक्षस एका तिकिटात दाखवणाऱ्या दुसऱ्या भागाने उगवून दिलेला चंद्र आहे. आपल्याकडे १९९२च्या ‘जुनून’मध्ये राहुल रॉयचा वाघ झाला तोही पौर्णिमेलाच. आमच्या माळरानावर धनगरांच्या मेंढ्या उचलणारा खरा लांडगा मात्र तिथी बघून येत नाही.

पण मी ‘हाउलिंग टू’ परत परत लावतो तो चंद्रासाठी नाही. क्रिस्टोफर लीसाठी.

या माणसाने १९५८ साली हॅमर या ब्रिटिश सिनेमा कंपनीचा ड्रॅक्युला केला. १९६६च्या त्यातल्याच पुढच्या भागात तो अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. ली म्हणायचे, संवाद इतके वाईट होते की मी ते म्हणायला नकार दिला. लेखक म्हणायचा, मी संवाद लिहिलेच नव्हते. दोघांपैकी खरं कोण हे सुटायचं तेव्हा सुटो, पण वाईट वाक्य म्हणण्यापेक्षा फुसफुसलेलं बरं, हा बाणा मला लींच्या चेहऱ्याला शोभणारा वाटतो. ‘हाउलिंग टू’मध्ये त्यांना बोलावं लागतं. तेही भरपूर. सुरुवातीलाच मागे चांदण्यांचं आकाश, शेजारी सांगाडा, हातात पोथी, आणि ली ती वाचून दाखवतात. खर्जातला आवाज, प्रत्येक शब्द तोलून. आवाज बंद करून बघितलं तर शाळेचं स्नेहसंमेलन. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कुणीतरी मोठा माणूस आपल्याला फार महत्त्वाचं काही सांगतोय.

हा सिनेमा त्यांनी का घेतला, तर म्हणे लांडग्यांच्या सिनेमात त्यांनी तोवर कधी काम केलं नव्हतं. एवढंच. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर भयपट केलेला, आणि हा एक खण रिकामा राहिला म्हणून प्रागला जातो. मला हे समजतं. आमच्या ओळखीत एक गृहस्थ बाकीची अकरा झाली म्हणून बाराव्या ज्योतिर्लिंगाला भर पावसात गेले आणि निमोनिया घेऊन आले.

गेल्यावर समोर वानरांचे पोशाख, तेच तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवणारा बेबल नावाचा बँड, आणि पलंगावर अंगभर केस फुटलेली तीन माणसं एकमेकांवर गुरगुरतायत असं एक दृश्य. (गच्चीवर हे दृश्य आलं तेव्हा आमच्यातला सगळ्यात चपळ पोरगा टीव्हीच्या पुढ्यात उभा राहिला आणि दुसऱ्याने फॉरवर्डचं बटण दाबलं. काकूंना फक्त रेघा आणि पळणारे केस दिसले. त्यांनी विचारलं, “कुत्री भांडतायत का?” आम्ही हो म्हणालो.) या सगळ्यात ली एकदाही डोळा मारत नाहीत. ‘मला माहितीय हा फालतूपणा आहे, तुम्हालाही माहितीय’ असा इशारा हल्लीचा कुठलाही नट अशा सिनेमात देऊन मोकळा होतो. ली देत नाहीत. टायटॅनियमबद्दल सांगताना त्यांचा चेहरा डॉक्टरने एक्स-रे समजावून सांगताना असतो तसा असतो. काम घेतलंय ना, मग ते असंच करायचं.

माफी त्यांनी नंतर मागितली. पाच वर्षांनी जो दांते यांच्याच एका सिनेमात त्यांना काम मिळालं, ‘ग्रेमलिन्स’च्या दुसऱ्या भागात, आणि तिथे त्यांनी दांते यांना गाठून सांगितलं की तुमच्या ‘हाउलिंग’च्या पुढच्या भागात मी होतो, त्याबद्दल माफ करा. दुसऱ्या एका दुसऱ्या भागाच्या सेटवर. ही गोष्ट वाचली तेव्हा मला काकूंचं त्या रात्रीचं बोलणं आठवलं. त्या पातेलं तिरकं धरून कडेकडेने उलथनं फिरवत होत्या, सिनेमा अर्ध्या डोळ्याने चालला होता. एकदम म्हणाल्या, “तो म्हातारा घरचा चांगला दिसतो रे. पैसे तरी दिले असतील ना त्याला?”

पैसे दिले असावेत. शेवटी स्टिर्बा जळते, लीही तिच्यासोबत जळतात, कारण तेही निघतात तिचेच भाऊ. म्हणजे बहीण लांडगी असलेले या सिनेमात दोघंजण. मग बँड परत सुरू होतो आणि श्रेयनामावली येते. तिच्यात महाराणी आपल्या अंगावरचं वस्त्र टरकन फाडते, तो मधला एक तुकडा घालून ठेवलाय. फाडते. पुन्हा बँड. पुन्हा फाडते. तोच तुकडा, तेच वस्त्र, तीच टर्र. मोजणाऱ्यांनी सतरा वेळा मोजलंय. डॅनिंगबाईंनी हे एकदाच केलं होतं आणि एवढ्या वेळा दाखवल्याबद्दल त्या पुढे चिडल्या. आम्ही त्या रात्री मोजलं नाही. फॉरवर्डवाला बटणावर बोट ठेवून तसाच थिजला होता आणि पुढ्यात उभा राहणारा चपळ पोरगा या वेळी बसून होता.

पाचव्यांदा की सहाव्यांदा टर्र झाल्यावर काकूंनी मान वर केली. चंद्र डोक्यावर आलेला, रात्रीचे अडीच वाजलेले, त्यांच्या हातात उलथन्याच्या टोकाला खरवडीचा मोठा पिवळा पापुद्रा. पडद्याकडे क्षणभर बघून त्या म्हणाल्या,

“कॅसेट अडकली वाटतं. बंद करा रे, हेड खराब होईल. आणि वाटी कुठाय तुझी?”

मी वाटी पुढे केली.