‘वाईट’ या रकान्यातली माणसं

सिनेमा प्रदर्शित होण्याआधी तो अनोळखी प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि त्यांना काय वाटलं ते निर्मात्याच्या कानावर घालायचं, हे माझं काम. टेस्ट स्क्रीनिंग म्हणतात त्याला. फॉर्मवर पहिला प्रश्न ‘सिनेमा कसा वाटला?’ आणि खाली पाच रकाने: उत्कृष्ट, फार छान, चांगला, ठीक, वाईट. दुसरा प्रश्न, ‘ओळखीच्यांना बघायला सांगाल का?’ निर्माते पहिल्याचे वरचे दोन रकाने बघतात, दुसऱ्यातलं ‘नक्की सांगेन’ बघतात आणि फोन लावायला बाहेर जातात. मागच्या कोऱ्या पानावर लोक जीव ओतून जे लिहितात ते वाचायला आम्ही आहोतच.

त्या संध्याकाळच्या सिनेमाचं नाव सांगता येणार नाही, तसा करार असतो. गोष्ट सांगते. घर सोडून गेलेला मुलगा, हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध पडलेला बाप. मुलगा उशाशी बसून लहानपणीचं गाणं म्हणतो आणि बाप डोळे उघडतो. हशा पिकवायला मुलाचा एक मित्र, बोलताना अडखळणारा. सगळं नेहमीचंच, पण भट्टी जमली होती. मी पडद्याकडे कमी आणि प्रेक्षकांकडे जास्त बघते. कोण चुळबुळ करतंय, कोण उठून बाहेर गेलं आणि कुठल्या दृश्याला गेलं, याची नोंद ठेवायची असते. त्या दिवशी कोणी उठलंच नाही. बापाने डोळे उघडले तेव्हा टाळ्या पडल्या. पडद्यावरच्या माणसांना टाळ्या ऐकू जात नाहीत हे ठाऊक असूनही लोक टाळ्या वाजवतात तेव्हा सिनेमा चालणार हे आमच्या धंद्यातलं कोणीही सांगेल.

दाराशी माझे सहकारी फॉर्म घेऊन गठ्ठे लावत होते. वरच्या दोन रकान्यांचे गठ्ठे मोठे होते, त्यात नवल नव्हतं. नवल मधल्या गठ्ठ्यांचं वाटलं. ‘ठीक’ जवळपास रिकामा होता. एरवी ज्यांना सिनेमा भावत नाही ते तिथेच सापडतात: कंटाळले, बरा होता, चला घरी. इथे नावडलेल्यांनी थेट ‘वाईट’ गाठलं होतं. गठ्ठा लहान, पण प्रत्येक फॉर्मची मागची बाजू भरलेली. एकाने पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मला उठून जायचं होतं, पण माझी खुर्ची ओळीच्या मधोमध होती.’

खेळ संपल्यावर वीसेक जणांना पुढच्या ओळींत थांबवून अर्धा-पाऊण तास बोलतं करायचं, ही पद्धत. त्यात सगळ्या मतांची माणसं घेतो, तरी आवडलेल्यांचं पारडं जड ठेवतो, कारण सिनेमा अजून सुधारायचा कसा हे तेच सांगू शकतात. ज्याला मुळातच नकोसा झाला तो काय सुधारून देणार? दिग्दर्शक मागच्या ओळीत बसून होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मॅडम, आज फक्त ‘वाईट’वाल्यांना थांबवाल?”

निर्माते वैतागले. “अरे, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत आणि तुला रडतराऊत हवेत? ‘टायटॅनिक’लासुद्धा शिव्या पडल्याच ना!”

हे त्यांनी नेमकं चुकीच्या माणसासमोर काढलं. माझ्या धंद्यातला तो लाडका दाखला आहे. १९९७ चा हा सिनेमा, ११ ऑस्कर, जगभरात १०० कोटी डॉलरांपुढे गेलेला पहिला. २००३ मध्ये बीबीसीच्या चित्रपटविषयक कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी त्यालाच आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं. त्याच साली दुसऱ्या एका कौलात सर्वोत्तम शेवटाचा मान त्यालाच मिळाला. आता, सर्वांत वाईट सिनेमा शोधायचा तर रद्दी कमी आहे का जगात? पण रद्दी सिनेमावर रागावण्याइतकी कोणाला सवड नसते. राग त्याच सिनेमाचा येतो, जो घरीदारी, ऑफिसात, लग्नाच्या वरातीत पिच्छा सोडत नाही. निर्मात्यांना मी एवढंच म्हटलं की शिव्या कशासाठी पडल्या ते कळलं तर बिघडणार काही नाही. ते धुसफुसत मागच्या ओळीत जाऊन बसले.

पहिले काही जण अपेक्षेप्रमाणेच बोलले. शेवट सुरुवातीलाच कळला. लांबला. विनोदी म्हणून आलो आणि रडारड निघाली. एक तरुण तर, सगळ्यांना आवडतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे, या तत्त्वावरच रुसला होता. असा एक तरी प्रत्येक गटात असतो, त्याला बोलून घेऊ द्यायचं आणि पुढे जायचं.

मग त्या बोलल्या. मधल्या खुर्चीत अडकलेल्या बाई त्याच. आयसीयूमध्ये परिचारिका आहेत. मला वाटलं, आता वैद्यकीय चुकांची यादी येणार. आलीही. कित्येक आठवडे बेशुद्ध असलेल्या माणसाच्या नाकातोंडात एक नळी नाही, दाढी गुळगुळीत, आणि डोळे उघडल्या उघडल्या खणखणीत आवाजात सलग चार वाक्यं! सगळे हसले, त्याही हसल्या. “ते चालतं हो,” त्या म्हणाल्या. “सिनेमा आहे. पण मुलगा मनापासून गायला म्हणून बाप जागा झाला, हे नाही चालत. आमच्याकडे मुलं येतात, हाका मारतात, गाणी म्हणतात, देवाची शपथ घालतात. माणूस जातो तो जातोच. मग ती मुलं मला विचारतात, सिस्टर, आमचंच काही कमी पडलं का? आता हा सिनेमा बघून येतील आणि विचारतील.”

कोणी काही बोललं नाही. मागे निर्मात्यांची खुर्ची करकरली.

त्यांच्या शेजारचे गृहस्थ बराच वेळ हात वर करून खाली घेत होते. ते बोलू लागले आणि का ते सगळ्यांना कळलं. पहिल्या शब्दावरच अडले. त्या मित्राच्या पात्राला बघून अर्ध्या तासापूर्वी जे सभागृह हसलं होतं, ते ओळीत बसून त्यांच्या शब्दाची वाट बघत होतं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच क्रमाने, पण सलग लिहिते. पहिल्या विनोदाला तेही हसले. दुसऱ्याला शेजारचा हसला. तिसऱ्याच्या वेळी शेजाऱ्याला आठवलं की खेळाआधी आपण याच्याशी दोन शब्द बोललो होतो, आणि त्याने यांच्याकडे बघून हसू आवरलं. “ते आवरणं जास्त लागलं,” ते म्हणाले. आणि पुढे, “सिनेमा पडणार असता तर मी ‘ठीक’वर खूण केली असती. हा चालणार. तो संवाद उद्या ऑफिसात माझ्यासमोर म्हणणार.”

त्या दिवसात यापेक्षा मोलाचं वाक्य मला मिळालं नाही. लोकप्रिय सिनेमाचा द्वेष म्हणजे मत्सर, शहाणपणाची घमेंड, चारचौघांत वेगळं दिसायची हौस, असं सर्रास समजतात. रुसलेल्या तरुणाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण या माणसाची तक्रारच मुळी सिनेमा लोकप्रिय होणार याबद्दल होती. कलाकृती म्हणून तो बरा की वाईट, या वादात त्याला रस नव्हता.

शेवटी बोलले ते पन्नाशीचे एक शांत गृहस्थ. अंधारात मी त्यांना डोळे पुसताना पाहिलं होतं, म्हणून ‘वाईट’वाल्यांत बघून चक्रावले होते. तसं विचारलंही. अशा गटात आम्ही शक्यतो बोट दाखवून विचारत नाही, पण राहवलं नाही.

“रडलो ना,” ते म्हणाले. “म्हणूनच राग आला. माझे वडील गेले तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही नाही आलं. इथे ते व्हायोलिन वाजलं आणि बटण दाबल्यासारखं आलं. शेजारीपाजारी सगळ्यांना त्याच क्षणी आलं. माझ्या वडिलांचं रडू असं घाऊक काढून घ्यायचा तुम्हाला काय अधिकार?”

याला उत्तर नसतं, आणि उत्तर द्यायचं नाही हा आमचा नियमच आहे. मी लिहून घेतलं आणि आभार मानले.

लोक गेल्यावर खरी झकाझकी झाली. निर्मात्यांचं म्हणणं, चार-दोन दुखावलेल्यांसाठी जमलेल्या सिनेमाला हात लावायचा नाही. दिग्दर्शकाचा चेहरा उतरला होता, तो तर अर्धा सिनेमा कापायला निघाला होता. संकलक म्हणाला, असं घाबरून कापतात तेव्हा काय होतं ते १९४२ ला दिसलंय. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’चा पूर्वखेळ प्रेक्षकांनी उधळला, वेल्स ब्राझीलमध्ये होता, आणि स्टुडिओने ४० मिनिटांहून जास्त भाग छाटून शेवटही बदलला. छाटलेली फिल्म आजतागायत सापडलेली नाही. मी उलट बाजूचा दाखला दिला. ‘सनसेट बुलेवार्ड’ची सुरुवात शवागारात होती, मृतदेह एकमेकांशी बोलतात अशी. पूर्वखेळाला लोक भलत्या जागी हसले. त्याचा दिग्दर्शक बिली वाइल्डरने ती काढली आणि १९५० मध्ये आला तो आज आपण बघतो तो सिनेमा. आणि १९८७ चा ‘फेटल अॅट्रॅक्शन’? मूळ शेवटात नायिका आत्महत्या करते. चाचणीच्या प्रेक्षकांना तो पटला नाही, म्हणून तिला ठार मारण्याचा शेवट नव्याने चित्रित केला. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोजचा त्याला कडाडून विरोध होता. सिनेमा तुफान चालला, आणि त्याला नावं ठेवणारे आजही त्याच नव्या शेवटाला ठेवतात. नावड अशी मिटत नाही, फक्त तिच्या मालकीची माणसं बदलतात.

अडखळण्याच्या विनोदांबद्दल मात्र मी आग्रह धरला. ‘अ फिश कॉल्ड वांडा’ १९८८ मध्ये गाजला, केव्हिन क्लाइनला त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि मायकेल पॅलिनने रंगवलेल्या अडखळणाऱ्या पात्रावरून निषेध झाले. पॅलिनचे स्वतःचे वडील अडखळत बोलायचे, थट्टेचा त्याचा हेतू नव्हता. तरी लोक दुखावले ते दुखावलेच. १९९३ मध्ये अडखळणाऱ्या मुलांसाठी लंडनमध्ये एक केंद्र निघालं, त्याला पॅलिनने आपलं नाव दिलं. दिग्दर्शकाने हे लिहून घेतलं. निर्मात्यांनी घड्याळ बघितलं.

पुढच्या चाचणीसाठी दोन बदल झाले. मित्राच्या अडखळण्यावरचे विनोद गेले, पात्र राहिलं, अडखळणंही राहिलं. आणि बाप डोळे उघडतो तिथलं व्हायोलिन काढून ते दृश्य नुसत्या श्वासांच्या आवाजावर ठेवलं. विनोद गेल्याने आकड्यांत काहीच फरक पडला नाही. हसू थोडं कमी ऐकू आलं, पण वरच्या रकान्यांना धक्का लागला नाही. म्हणजे ज्यासाठी एका माणसाने ऑफिसात मान खाली घातली असती, त्याने सिनेमाच्या पदरात काही पडतच नव्हतं! व्हायोलिनचं उलटं झालं. टाळ्या पडल्याच नाहीत, ‘नक्की सांगेन’ घसरलं. निर्मात्यांनी त्याच रात्री व्हायोलिन परत बसवायला सांगितलं. दिग्दर्शक माझ्याकडे बघत होता. आकडे माझेच होते, मी काय बोलणार?

सिनेमा आला आणि अपेक्षेइतका चालला. काही दिवसांनी निर्मात्यांचा फोन आला, आवाज चढलेला. इंटरनेटवर दहापैकी दहा देणारे पुष्कळ, पण एक देणारेही जिथे तिथे उगवत होते, आणि मधे सगळं ओसाड. कोणीतरी पैसे देऊन मोहीम चालवतंय, अशी त्यांची खात्री झाली होती. अशा मोहिमा असतात, नाही म्हणत नाही. पण मी त्यांना ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’ची गोष्ट सांगितली. थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना तिथल्या तिथे विचारणाऱ्या सिनेमास्कोरने त्याला ‘ए’ दिला, समीक्षक खूश होते, कमाई १३० कोटी डॉलरांपुढे गेली, आणि रॉटन टोमॅटोज या सिनेमांवरची मतं गोळा करणाऱ्या वेबसाइटवर प्रेक्षकांची पसंती निम्म्याच्याही खाली. दारात थांबवून विचारलं की सगळेच सांगतात. घरी गेल्यावर आपण होऊन कोण लिहायला बसतं, ज्याला राहवत नाही तो. काही मतं ठरवून टाकलेली असतील, पण सगळी नसतात.

“मग हे आहेत तरी कोण?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “त्यातले काही त्या रात्री पुढच्या ओळींत बसले होते, तुम्ही मागे होतात.” आणि परिचारिकेचं बोलणं पुन्हा सांगितलं.

पलीकडे जरा वेळ गेला. मग ते म्हणाले, “त्या बाईंचं ऐकून तो प्रसंग काढला असता, तर सिनेमा उरला असता का?”

“नाही,” मी म्हटलं. “त्या प्रसंगासाठीच लोक येतायत.”

“मग आता?”

मी त्यांना म्हटलं की पुढच्या सिनेमाच्या फॉर्ममध्ये ‘वाईट’खाली आणखी दोन ओळी कोऱ्या सोडते आहे, त्यासाठी एक पान वाढेल. छपाईचा खर्च त्यांनी मान्य केला.