गवळीवाड्याचा दावा कुठे अडतो

1878 च्या जंगल कायद्यात रान राखीव करण्याची ठरलेली रीत होती. जाहीरनामा निघायचा, हक्क सांगायला किमान तीन महिन्यांची मुदत मिळायची आणि ऐकून घेणारा अधिकारी सरकारनेच नेमलेला असायचा. मुदतीत जो बोलला नाही, त्याची चराई, वाट, पाणवठा सगळं बुडालं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. पावसाळाभर तुटलेल्या गवळीवाड्यावर, म्हणजे रानातल्या गवळ्यांच्या वस्तीवर, तो कागद वाचणार कोण?

2006 च्या वन हक्क कायद्याने हा ऐतिहासिक अन्याय प्रस्तावनेतच कबूल केला आणि सुरुवात ग्रामसभेच्या हाती दिली. वन हक्काचे दावे ग्रामसभाच मागवते. तीन महिने इथेही आहेत, पण कारण नोंदवून ती मुदत वाढवू शकते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात याचा फायदा घ्यायचा तर पहिली चूक टाळा: पंचायतीच्या मुख्य गावी सभा घेऊ नका. जुन्या वस्त्या आणि सर्वे न झालेली ठिकाणंही या कायद्यात 'गाव'च आहेत, म्हणून सभा वाड्यावरच भरवा. निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. सही-अंगठे तिथेच घ्या.

सिद्दी समाज बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांत अनुसूचित जमातींच्या यादीत आला तो 2020 च्या दुरुस्तीने. रानात राहून रानावर जगणाऱ्या सिद्दींना 13 डिसेंबर 2005 आधीचा ताबा दाखवला की पुरे. गवळीवाड्यांवरचे गवळी धनगर यादीत नाहीत, म्हणून ते 'इतर पारंपरिक वननिवासी', आणि त्यांना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. बहुतेक दावे इथेच मरतात, तेही चुकीच्या कारणाने. '1930 पासून हाच तुकडा कसल्याचा पुरावा नाही' असा शेरा येतो. कायदा मात्र रानातली वस्ती आणि रानावरची गुजराण विचारतो, त्याच तुकड्यावरची शेती नाही. असा शेरा आला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडे जा: ग्रामसभेवर उपविभागीय समिती आणि तिच्यावर जिल्हा समिती.

पुरावे किमान दोन. अमुकच प्रकारचा आणा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. मोडीतला जुना कागद असेल तर त्याचं लिप्यंतर जोडा. गॅझेटियर, सर्वे-सेटलमेंटचे अहवाल, जंगल खात्याचे जुने वर्किंग प्लॅन, सगळं चालतं. ज्या राजवटीने रान काढून घेतलं, तिच्याच दप्तरात आपली म्हातारी माणसं सापडतात, हे मला फार मोलाचं वाटतं. कागद नसेल तर विहीर, दफनभूमी, देवराई, बांध. आणि वडीलधाऱ्यांचा जबाब, पण तो दावेदाराचा स्वतःचा नको. 'आजा इथंच राहत होता' एवढ्याने भागत नाही. विहीर कोणी खणली, म्हशी कुठल्या वाटेने पाण्यावर जात, देवाच्या रानात काय तोडत नसत, हे नावानिशी लिहा. जबाब मराठीत लिहून कन्नड प्रत सोबत लावा. कचेरीचं कामकाज कन्नडमध्ये चालतं, आणि भाषेपायी फाईल बाजूला पडू देऊ नका.

वैयक्तिक दाव्याचा नमुना अ सगळे भरतात. त्यात जमीन मिळते ती जास्तीत जास्त 4 हेक्टर, नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि विकता येत नाही. माझ्या मते नमुना क आधी भरावा. रान राखायचा आणि त्याचा कारभार बघायचा सामूहिक हक्क त्यातून मिळतो. खरं स्वराज्य ते आहे. त्यात पारंपरिक हद्द आणि सीमेवरची गावं लिहावी लागतात. शेजारच्या गावाची चराई त्याच रानात असेल तर तीही लिहा, नाहीतर हरकत तिथूनच येते.

दाव्याच्या जागेच्या पाहणीची नोटीस जंगल आणि महसूल दोन्ही खात्यांना द्या आणि पोच घ्या. ते आले नाहीत आणि मागून हरकत घेतली तर दावा फेरपाहणीला परत येतो. दुसऱ्यांदाही आले नाहीत, तर त्या पाहणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

2011 मध्ये याच तालुक्यात भीमगड अभयारण्य झालं. त्याच्या आतल्या वाड्यांनाही हेच लागू आहे: हक्कांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. पुनर्वसनाच्या कागदावर सही मागायला कोणी आलं, तर आधी आपल्या दाव्याची पोच दाखवा.