पोर्चचा दिवा लागला की

हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलांनी सोंगं घेऊन घरोघरी कॅण्डी गोळा करायचा अमेरिकेतला सण. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या शाळेची हॅलोवीन परेड भर दुपारी निघायची. बालवर्गाची चिमुरडी सगळ्यांत पुढे, पाचवीतले कंटाळल्याचा आव आणत मागे, आणि पार्किंग लॉटच्या दोन्ही बाजूंना फोन उंचावून उभे आईबाप. मुखवटे आणि तलवारी शाळेत चालायच्या नाहीत, त्यामुळे बिचारे बॅटमॅन उघड्या तोंडाने फिरायचे. थंडी पडलेली असली की दर वर्षीचं ठरलेलं भांडण: पंखांवर जाकीट की जाकिटावर पंख? आमच्याकडे दर वेळी आईच जिंकली आणि फोटोत परी गुबगुबीत दिसली. परेड संपली की वर्गात ॲपल सायडर आणि डोनट. हल्ली काही शाळा परेडऐवजी नुसता ‘फॉल फेस्टिव्हल’ करतात. मला तो अळणी वाटतो.

पण माझा खरा जीव अडकायचा संध्याकाळी. मुलींना घेऊन गल्ल्या फिरायचं काम नवऱ्याकडे, कॅण्डी वाटायचं माझ्याकडे. या देशात फोन केल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात जात नाही. त्या एका संध्याकाळी मात्र पोर्चचा दिवा लागलेला दिसला की कुणाचंही पोर बेधडक पायऱ्या चढून येतं. दिवा बंद असेल तर समजायचं, या घरी काही नाही, पुढे चला.

एका वर्षी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी हौसेने शंकरपाळे तळले, आणि घरचा पदार्थ वाटायचा नसतो, कारखान्यात बंद झालेलंच पाकीट द्यायचं, हे ऐकून चांगल्याच खट्टू झाल्या. संध्याकाळी मात्र शाल गुंडाळून दारात खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या प्रत्येक हाडाच्या सापळ्याला “कुणाचा रे तू?” असं शुद्ध मराठीत विचारायच्या, आणि आमच्या गल्लीत निम्म्या वेळा त्यांना मराठी किंवा गुजरातीत उत्तरही मिळायचं. “संक्रांतीला आम्ही अश्शाच डब्या घेऊन तिळगुळाला फिरायचो,” म्हणाल्या. मग त्या एकेक पाकीट न देता मूठभर द्यायला लागल्या आणि साडेसातलाच परात रिकामी झाली. भांडं पायरीवर ठेवून ‘एकच घ्या’ अशी पाटी लावणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं. दारात माणूस नसेल तर हवंय कशाला हे सगळं?

२०११ आणि २०१२ ही वर्षं न्यू जर्सीतलं कोणी विसरणार नाही. २०११ साली ऑक्टोबर संपता संपता बर्फ पडलं. झाडांवर अजून पानं होती, त्या ओझ्याने फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडल्या आणि कितीतरी गावांनी हॅलोवीन पुढे ढकललं. पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला सॅंडी वादळ आलं. तेव्हा तर गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून अख्ख्या राज्याचं हॅलोवीन ५ नोव्हेंबरला नेलं. त्या दिवशीही आमच्याकडे वीज नव्हती. मग पोर्चचा दिवा लावायचा कसा? दिवाळी आठवड्यावर आली होती, म्हणून मी पणत्या काढल्या आणि मुलांचे झगे पेटू नयेत म्हणून एकेक पणती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून पायऱ्यांवर मांडली. टॉर्च घेतलेली पोरं आली. नेहमीपेक्षा कमी आली, पण सगळी निवांत होती. घरात टीव्ही नाही, इंटरनेट नाही, जाणार कुठे? त्यांचे आईबाप दारातच थांबून पेट्रोलच्या रांगांच्या गोष्टी सांगत राहिले.

२०२४ साली तर कमालच झाली. महाराष्ट्रातल्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण इथल्या घड्याळाप्रमाणे अमावास्येची संध्याकाळ ३१ ऑक्टोबरलाच. एका हातात पूजेची घंटा, तेवढ्यात दाराची बेल! रांगोळीवर पाय पडू नये म्हणून एक डायनासोर शेपटी उचलून धरून आला.

मिशा फुटलेली, कॉस्च्युम न घालता नुसती उशीची खोळ घेऊन येणारी पोरं काहींना खपत नाहीत. मी त्यांनाही देते. सोळाव्या वर्षी फुकटच्या किटकॅटसाठी चार गल्ल्या तुडवतोय, म्हणजे पोरगा चांगलाच असणार.

उरलंसुरलं रविवारच्या मराठी शाळेत जातं. शिवाय १ नोव्हेंबरला दुकानांत कॅण्डी अर्ध्या किमतीत मिळते, म्हणून मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची खाऊ कमिटी सकाळीच तिथे हजर असते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून जिलेटिनवाली, म्हणजे शाकाहाऱ्यांना न चालणारी, कॅण्डी बाजूला काढण्याचं काम माझ्याकडे. कॅण्डी कॉर्न बाद, स्टारबर्स्ट बाद. नारळवाली आमंड जॉय मुलं तोंडातही धरत नाहीत, ती थेट चहाच्या टेबलावर, मोठ्यांसाठी.