हरलो, पण टीम चांगली आहे

आज लेकाच्या हायस्कूलची बेसबॉल मॅच. सात इनिंग्ज (मोठ्यांच्या मॅचसारख्या नऊ शाळेत नसतात), आणि सपाटून हरलो. मॅच संपल्यावर बघते तर संध्याकाळी खेळलेला पिचर (चेंडू फेकणारा) स्वतःच दाताळं घेऊन माउंडवर, म्हणजे जिथून चेंडू फेकतात त्या मातीच्या उंचवट्यावर, उभा. पाय आपटून आपटून पडलेला खड्डा झाडला, ओली माती भरली, वर धुम्मस. कोणी सांगितलं नव्हतं. नववीतली पोरं बाजूला उभं राहून बघत होती, म्हणजे पुढच्या वर्षी तीही करणार.

लोकांना वाटतं एक तगडा पिचर मिळाला की काम झालं. ते दिवस गेले. 2017 पासून अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेला पिचेसची (एका पिचरने फेकायच्या चेंडूंची) मर्यादा घालावी लागते. जितके चेंडू जास्त फेकले तितके दिवस सक्तीची विश्रांती. आठवड्यात तीन मॅचेस असल्या तर चार-पाच पिचर तयार हवेत, आणि ते ज्युनियर टीममधूनच येतात. त्यामुळे मला विचाराल तर मुख्य कोचइतकाच ज्युनियरचा कोच महत्त्वाचा. त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही.

बाकी पैसा लागतोच. आम्ही पालक स्टॉलवर हॉटडॉग विकून नेट-बिटचा खर्च काढतो. नाचोजवर चीज ओतण्यात माझा हात आता कोणी धरू शकणार नाही! जाळीमागून कोचला अक्कल शिकवणारे बाबालोक तेवढे कमी झाले तर बरं.

उद्या पाऊस सांगितलाय. माउंडवर ताडपत्री ओढायला माणसं हवीत, कोण येतंय?