पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडून गेली होती. आमच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची तळमजल्यावरची खोली चार दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर कुलूप काढलं, तर फरशीवर वीतभर गाळ. नमुन्यांच्या बरण्या मात्र फारशा फुटल्या नव्हत्या. झाकणं मेणानं बंद केलेली, त्यामुळे आतले प्राणी शाबूत होते. गेली होती ती बाहेरून चिकटवलेली लेबलं.

खेकड्यांच्या 31 बरण्या धुऊन टेबलावर मांडल्या. आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "मॅडम, हे समदं खेकडंच हाय न्हवं? एका फळीवर लावू का?"

मी "थांबा" म्हटलं आणि खुर्चीवर बसले. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी गगनबावड्याचा घाट उतरून, खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून आणलेले हे नमुने. कोल्हापुरात समुद्र नाही, आमचा समुद्र या बरण्यांतच होता.

मदतीला राधानगरीकडचा एक एम. एस्सी.चा मुलगा होता. त्याला आधी कुल (फॅमिली) ओळखायला लावलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चालत्या पायांच्या बुडाशी केसांची दाट झालर असली, की तो खेकडा ऑसिपोडिडी कुलातला. वाळूवर, चिखलावर हिंडताना या केसांतून ओल शोषली जाते आणि कल्ल्यांच्या कप्प्यात पोचते. म्हणून भरती ओसरल्यावरही हे खेकडे तासन्‌तास बाहेर राहू शकतात. तो चिमट्यानं एकेक पाय बाजूला करून झालर शोधत होता आणि सापडली की हळूच "आहे" म्हणत होता. 31 पैकी 12 बरण्या या कुलाच्या निघाल्या.

पुढचं वाटणं सोपं वाटलं. मोठ्या नांगीच्या आतल्या बाजूला बारीक कंगोऱ्यांची रांग, ती घासून आवाज काढणारा तो घोस्ट क्रॅब, म्हणजे ऑसिपोडे. नराची एकच नांगी अंगाएवढी मोठी आणि मादीच्या दोन्ही इवल्याशा, तो फिडलर क्रॅब. मुलानं फिडलरच्या आठही बरण्यांपुढे 'उका' लिहून ठेवलं. मीही विद्यार्थिनी असताना तेच शिकले होते. 1975 साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसलिन क्रेन यांनी जगभरचे फिडलर उका या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये), तिच्या उपप्रजाती पाडून, ठेवले होते.

मग त्यानंच मोबाइलवर 2016 चा शोधनिबंध काढला. तैवानचे संशोधक शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातली आणि केंद्रकातली जनुकं तपासून या कुलाची मांडणी बदलली आहे. एका उकाच्या 11 प्रजाती झाल्या. खरी उका अमेरिकेच्या किनाऱ्यांवरची, आणि तिचं जवळचं नातं निघालं घोस्ट क्रॅबशी. दोघी एकाच उपकुलात. आपल्याकडचे फिडलर दुसऱ्या उपकुलात, जेलासिमिनीत. एवढी मोठी नांगी डोळ्यांसमोर असताना ती नात्याचा पुरावा नाही, हे त्या मुलाला पटेना. तो पुन्हा पुन्हा बरणी उजेडाला धरून बघत राहिला.

'उका' हे नावही मुळात दुसऱ्याचं. ब्राझीलच्या तुपी लोकांचं 'उसा उना' (रोमन लिपीत Uça una) 1648 साली जर्मन निसर्गअभ्यासक मार्कग्राफच्या ग्रंथात छापलं गेलं, ते खारफुटीतल्या एका मोठ्या खेकड्यासाठी. 1758 साली नमुने जमवणाऱ्या डच सेबाच्या ग्रंथात तेच नाव फिडलरच्या चित्राखाली आलं, आणि 1814 साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीचनं त्या चित्रावरूनच प्रजातीला उका नाव दिलं. चित्राखालची एक चूक अशी कायमची होऊन बसली. त्या दिवशी समोर बिनलेबलाच्या बरण्या असताना ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढला होता.

खेकड्याच्या डोळ्यांमधली कपाळपट्टी रुंद की अरुंद, हे भिंगाखाली बघत आम्ही पुढे सरकलो. तिसऱ्या बरणीच्या तळाशी, खेकड्याच्या पायांत अडकलेला कागदाचा तुकडा दिसला. पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी: 'जेलासिमस ॲन्युलिपेस, आचरा खाडी', खाली 1967 मधली तारीख. शाई पाण्यानं नेली असती. कुणीतरी नमुना गोळा करतानाच चिठ्ठी लिहून आत टाकली होती. नाव आता ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस झालंय. मुलगा जुनी चिठ्ठी काढायला निघाला, मी त्याचा हात धरला. नव्या नावाची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून तिच्याच शेजारी सोडली.

आठपैकी पाच बरण्यांत अशा चिठ्ठ्या मिळाल्या. उरलेल्या तिघांतल्या नरांची नावं भिंगाखाली लागली, संध्याकाळचे सात वाजले. शेवटची चिठ्ठी लिहिताना मुलानं विचारलं, "मॅडम, ठिकाण काय घालू?"

मी ती बरणी बराच वेळ हातात धरून बसले. मालवण, विजयदुर्ग, देवगड, काहीही असू शकलं असतं.

"अज्ञात," मी म्हटलं. "तारखेपुढेही तेच लिही."