सातव्या दिवसाचा फोटो

नोव्हेंबर लागला होता, धानकापणी जोरात होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दुपारी आशाताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. बीपी मशीनचा आकडा होता १६८/११२. खाली एकच ओळ : "मॅडम, हे बरोबर हाय का जी?"

ज्या पोरीचा हा आकडा, तिच्या घरात रेंज नाही. ताई फोटो पाठवायला पाण्याच्या टाकीपर्यंत चालत आल्या होत्या. २२ वर्षांची बाळंतीण, सातवा दिवस. खरं तर ही गृहभेट बाळाचं वजन करायची. गरोदरपणात तिचं बीपी एकदाही वाढलेलं नव्हतं, त्यामुळे मशीन लावलंच पाहिजे असं काही नव्हतं. पण पोर कपाळ दाबून बसलेली ताईंना दिसली. तिची आई म्हणत होती, "हवा लागली तिले." कान रुमालाने गच्च बांधलेले, खाटेखाली शेगडी.

मी म्हटलं, "पट्टा बाहीवरून बांधला का? दंड मोकळा करा, पाठ टेकवून बसवा, १५ मिनिटांनी परत घ्या." त्या १५ मिनिटांत मी दुसरं काहीच करू शकले नाही. दुसरा फोटो आला : १६६/११०. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असंही ती म्हणाली.

बाळंतपण झालं की बीपीची काळजी मिटली, असं घरोघरी समजतात. खरं तर ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातं, आणि झटके (आकडी) येण्याचा धोका सहा आठवडे राहतो. १६०/११० ला पोचलं की वाट पाहायची नसते. मी १०८ ला फोन लावला आणि ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, डॉक्टरांना गाठलं. चित्र दोनदा गोठलं, आवाज टिकला, तेवढ्यावर काम झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके रोखणारं मॅग्सल्फचं इंजेक्शन देऊन तिला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळ आजीच्या मांडीवर, सोबतच.

पोर वाचली. पण माझा जीव अडकलाय तो पुढच्या गोष्टीत. ४२ व्या दिवशी बाळंतिणीच्या गृहभेटी संपतात. बीपी-शुगरची सरकारी तपासणी सुरू होते तिशीपासून. मधली आठ वर्षं हिच्याकडे कोण बघणार? गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ज्यांचं बीपी असं चढतं, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका इतर बायांच्या जवळपास दुप्पट असतो. हे त्यांना कोणी सांगतच नाही.

म्हणून मी वेगळी वही घातली आहे. सध्या अकरा नावं. दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर आठवण लावलेली असते, त्या बाया आशाताईंकडच्या मशीनवर बीपी घेऊन फोटो पाठवतात. हिचे तीन महिने फोटो आले, शेवटचा १३२/८६. मार्चमध्ये आला नाही. फोन केला तर मिरची तोडायला तेलंगणात गेलेली.

"बीपीच्या गोळ्या आठ दिवसांपूर्वी सरल्या जी मॅडम. मशीन इथं कुठं?"

मुकादमाकडून तिच्या मुक्कामाच्या गावाचं नाव घेतलंय. तिथल्या नर्सताईंचा नंबर सकाळपासून शोधते आहे.